सूट वर उचलतो, शिसं खाली नेतं: समुद्रात उतरण्याआधीचा हिशोब



हिवाळा आला की आपल्या गटांच्या अभ्यास सहली कोकणाकडे निघतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवन सफर चालवतात. ती बघायची आणि पुढे मालवण-तारकर्लीला जायचं, असा बेत ठरतो. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग चालतं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ते शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. पाण्याखालचे मासे बघायची हौस आता पन्नाशीच्या ताईंनाही आहे, आणि ती असायलाच हवी. पण अंगावरचा सूट आणि कमरेचं शिसं दुसऱ्याच्या अंदाजावर सोडू नका. दोन्ही आपल्या अंगाला जुळलेलं हवं.

थंडी वाजते कशी?

कोकणचा समुद्र हिवाळ्यातही फार गार लागत नाही. मग अर्ध्या तासात दात का वाजतात? कारण पाणी आपल्या अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. वेटसूट हा बुडबुडे भरलेल्या रबराचा असतो. सूट आणि अंग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, अंगाच्या उबेने तो गरम होतो आणि रबर ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. सूट ढगळ असेल तर हे गरम पाणी सारखं बाहेर जातं आणि गार पाणी आत येतं. असा सूट घालून उपयोग नाही.

आपल्या समुद्रासाठी ३ मिलिमीटर जाडीचा सूट बहुतेकींना पुरतो. पाणी २४ अंशांच्या खाली असेल, किंवा कुणी लवकर गारठत असेल, तर ५ मिलिमीटरचा घ्यावा. त्याहून गार पाण्यात ७ मिलिमीटर आणि डोक्यावर रबरी टोपी लागते.

मापाचा सूट कसा ओळखायचा?

काखेत, कमरेच्या मागच्या खोलगट भागात आणि मानेशी हात फिरवून बघा. तिथे पोकळी राहायला नको. दोन्ही हात वर करा, खाली बसा, खोल श्वास घ्या. श्वास अडत असेल किंवा गळा आवळून गरगरत असेल तर सूट लहान आहे, लगेच बदलून मागा. पुरुषांच्या मापाचा सूट बायकांना छातीत आणि कमरेखाली घट्ट, तर कमरेत ढगळ होतो. म्हणून "बायकांच्या मापाचा आहे का?" हे विचारायला लाजू नका. आत साडी किंवा पंजाबी ड्रेस नको, त्याच्या घड्यांतून पाणी फिरतं. अंगालगतचा पोहण्याचा पोशाख किंवा लेगिंग घाला. पूर्ण बाह्यांचा सूट मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो, त्यामुळे संकोचाचं कारण उरत नाही.

आता शिसं कशाला?

रबरातल्या बुडबुड्यांमुळे सूट आपल्याला वर उचलतो. सूट जितका जाड, तितकं शिसं जास्त. म्हणून ऊब पुरेल एवढाच जाड सूट घ्यायचा, उगाच एक जास्तीचा थर नको.

१० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि सुटाचं तरंगणं निम्म्याच्या आसपास येतं. उथळ पाण्यात मात्र ते जवळजवळ पूर्ण असतं. त्यामुळे ४-५ मीटरवर वजनाची चूक लगेच जाणवते.

साधारण सुरुवात अशी करतात: ३ मिलिमीटर सुटाला शरीराच्या वजनाच्या ५ टक्के, ५ मिलिमीटरला १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ६० किलोच्या ताईला आधी ३ किलो, नंतर ६ किलोपर्यंत. पण हा फक्त अंदाज झाला. खरी परीक्षा पाण्यातच होते. सगळं सामान घालून, मार्गदर्शकाच्या देखरेखीत, पाण्याच्या वरच्या पातळीवर उभं राहायचं. जॅकेटमधली हवा सोडायची आणि साधा श्वास धरायचा. पाणी डोळ्यांपर्यंत यावं. श्वास सोडला की हळूच खाली जावं. दगडासारखं गेलात तर शिसं जास्त आहे. सिलिंडर भरलेला असेल तर शेवटी तो सुमारे २ किलोने हलका होतो, तेवढं मार्गदर्शक धरतात. श्वास धरायचा तो फक्त या परीक्षेपुरता. खाली सिलिंडरची हवा घेताना श्वास कधीच रोखायचा नाही.

"थोडं जास्त असलेलं बरं" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. जास्त शिसं असलं की जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. वर येताना ती फुगते आणि माणूस एकदम वर फेकलं जातं. फुफ्फुसाला इजा होते ती अशा वेळी.

शिशाचा पट्टा सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून बांधायचा, म्हणजे एका हाताने ओढून सोडता येतो. पाण्यात जाण्याआधी तो स्वतः दोनदा सोडून बघा. वजनं दोन्ही बाजूंना सारखी, कमरेच्या हाडांवर असावीत, मणक्यावर नकोत. कंबरदुखी असेल तर जॅकेटच्या खिशात वजन विभागून मागा. उघडं शिसं हाताळलं की साबणाने हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

जेजू बेटावरच्या बायका

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर 'हेन्यो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका सिलिंडरशिवाय, श्वास रोखून १० मीटरपर्यंत बुड्या मारतात आणि शिंपले काढतात. २०१६ साली युनेस्कोने ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. पूर्वी त्या सुती कपड्यात उतरत आणि गारठल्या की बाहेर येऊन शेकोटीशी बसत. १९७०च्या दशकात रबरी सूट आले, पाण्यात जास्त वेळ राहता येऊ लागलं, आणि सुटाबरोबर कमरेला शिशाचा पट्टाही आला. कधी आणि किती वेळ उतरायचं हे त्या गटाने मिळून ठरवतात.

आपणही तसंच करूया. सहलीआधीच्या मासिक बैठकीत प्रत्येकीची उंची, वजन आणि आजार लिहून घ्या आणि यादी आधीच केंद्राला कळवा. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणी स्कूबा करू नये. पाण्यात जोडीने राहा. जोडीदारीण थरथरू लागली, तिची बोटं नीट चालेनात, तर खूण करून दोघी वर या. ओले कपडे बदला, वाऱ्यापासून आडोसा घ्या, गोड गरम चहा द्या. पैसे भरलेत म्हणून कुणीही थंडी सोसत पाण्यात थांबू नका.