चुन्याचा पातळ हात

हैदराबादेतील कोठीचा भाग आमच्या पुष्कळ वाचकांच्या पायाखालचा आहे. कर्कपॅट्रिकसाहेबाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेली रेसिडेन्सी तेथेच आहे. १९४९ साली तीत मुलींचे महाविद्यालय आले. पण आम्हांस लेखणी उचलावयास लावली ती त्या भव्य वास्तूने नव्हे, तर जवळच्याच गल्लीतील एका साध्या भिंतीने.

घरी कन्येचे लग्न ठरले होते. रंगाऱ्याने चुन्याचे तीन पातळ हात सुचविले. दोन दिवसांची मजुरी वाचावी म्हणून घरधन्यांनी एकच दाट हात देवविला. सायंकाळी भिंत दुधासारखी शुभ्र दिसली. तिसऱ्या दिवशी मात्र वाळल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडून पापुद्रे सुटू लागले. ‘चुना लावणे’ या शब्दांस मराठीत दुसराही एक अर्थ आहे, आणि नेमका तोच घरधन्यांच्या मनात आला. अर्धी मजुरी अडकवून ठेवून त्यांनी आम्हांस मध्यस्थीस बोलाविले.

बादलीतला चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. उरलेला अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असतो. भिंतीवर पाणी उडू लागले की कण जवळ येतात, आणि त्यांच्यामधील फटींत उरलेले पाणी त्यांना एकमेकांकडे ओढते. मिलीमीटरच्या सहस्रांशाइतक्या त्रिज्येच्या फटीत ही ओढ हवेच्या दाबाहूनही अधिक भरते! थरास आक्रसावेसे वाटते. पण खालून भिंतीने धरून ठेवल्यामुळे त्यास आडवे आक्रसता येत नाही, आणि तो ताणला जातो. पातळ थरात साठलेला ताण भेग पाडण्यास पुरत नाही. जाड थरात तो पुरून उरतो. शिवाय चुना पक्का होतो तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून, आणि पातळ थरात हवा सहज पोहोचते.

रंगाऱ्याच्या बादलीवर फेस होता, त्याविषयीही घरधन्यांची तक्रार होती. चुन्यात सरस घालून जोराने ढवळले की बुडबुडे धरतात. त्यांच्या पातळ पडद्यांवर काही कण चिकटून बसतात, पडद्यांतील पाणी लवकर निथळत नाही, आणि साबणाच्या फेसापेक्षा हा फेस अधिक टिकतो. तो भिंतीवर गेला तर फुटून टाचणीएवढी छिद्रे ठेवतो. म्हणून चुना फडक्याने गाळून काही वेळ स्थिर ठेवावा लागतो. एवढी चूक मात्र रंगाऱ्याची होती, आणि ती त्याने कबूल केली.

फरशीवर सांडलेले थेंब कडेला दाट व मध्ये विरळ वाळले होते. कॉफीच्या डागातही हेच दिसते. थेंबाची कड जागच्या जागी चिकटून राहते, तेथील पाणी लवकर उडते, त्याची जागा घेण्यास आतले पाणी धावते व कण सोबत नेते. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली याचा उलगडा केला. इतकी वर्षे कोणी त्याकडे लक्ष दिले नाही याचेच आम्हांस नवल वाटते.

घरधन्यांनी सर्व ऐकून घेतले व अडकविलेली मजुरी दिली. पापुद्रे खरवडले गेले, भिंत ओली केली, चुना गाळला. लग्नाच्या आदल्या दिवशी तिसरा हात वाळत होता, आणि ‘भिंतीला टेकू नका’ असे वऱ्हाडी मंडळींस सांगण्याचे काम आमच्याकडे आले होते.