स्त्री-अभ्यास : मुख्य विषयाचा सोबती

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे (२०२०) महाविद्यालयात मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषय घेता येतो. काही ठिकाणी ‘स्त्री-अभ्यास’ हाही असा विषय असतो. तो केवळ मुलींसाठी आहे, ही समजूत आमच्या मते चुकीची आहे. हा विषय मुख्य विषयाला एकच प्रश्न विचारावयास शिकवितो : यात स्त्रिया कोठे आहेत?

समजा, मुख्य विषय मराठी वाङ्मय आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा परखड निबंध प्रसिद्ध केला. पुढे तो विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला. मधली ९३ वर्षे तो वाचकांच्या नजरेआड का राहिला, हा अभ्यासाचा विषय होय.

समजा, मुख्य विषय अर्थशास्त्र आहे. घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक व धुणेभांडी यांचे मोल राष्ट्रीय उत्पन्नात धरीत नाहीत. २०१९ च्या सरकारी पाहणीत मात्र असे दिसले की, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. तसे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे.

मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९७४ सालीच या अभ्यासासाठी संशोधन केंद्र स्थापिले. ज्याची नोंद होत नाही, त्याचा विचारही होत नाही. म्हणून विषय निवडताना मुलग्यांनीही या विषयाकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते.