मोठे हाय-फाय स्पीकर घरी बनवून विकायचे? करवत नंतर, कॅल्क्युलेटर आधी!

व्हिडिओमध्ये कटिंग, फिटिंग सगळं पाहिलंत. पण बॉक्सचं माप कुठून आलं आणि ऑर्डरचा भाव कसा काढायचा, हे दोन मुद्दे लिहूनच नीट समजतात. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्या अकोल्यात मोठा स्पीकर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? श्रावणात गांधीग्रामहून राजराजेश्वराकडे येणारी कावड आणि तिच्यासोबतचा दणका. तो बॉक्स उघड्यावर लांबपर्यंत आवाज फेकायला बनवलेला असतो. घरातल्या हाय-फायचं गिऱ्हाईक वेगळं. त्याला तबल्याचा डग्गा कमी आवाजातही भरदार ऐकू यायला हवा. जुन्या शहरात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, शेजारी झोपलेला असतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 45 डेसिबल आहे. म्हणून विकताना "किती वॅट" यापेक्षा "किती साफ" हे सांगा.

बॉक्सचं माप वूफर ठरवतो

बरेच जण "12 इंची वूफर आहे, 12 इंची बॉक्स द्या" म्हणून तयार खोकं उचलतात. गडबड तिथेच होते. बंद बॉक्समधली हवा वूफरच्या कोनामागे स्प्रिंगसारखी काम करते. बॉक्स लहान पडला तर ती स्प्रिंग कडक होते आणि बास घुमल्यासारखा, फुगलेला येतो. याच हवेच्या स्प्रिंगचा नेमका वापर करून एडगर विलचर यांनी 1954 मध्ये अमेरिकेत हेन्री क्लॉस यांच्यासोबत छोटी कंपनी काढली आणि छोट्या बॉक्समधून खोल बास काढून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी असं गणित मांडलं की आज वूफरच्या डाटा शीटवरून कोणीही माप काढू शकतो.

डाटा शीटमध्ये तीन आकडे शोधा: एफएस (कोनची नैसर्गिक कंपनसंख्या), क्यूटीएस (कोनची हालचाल किती आवरली जाते) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये). हे आकडे न देणारा वूफर स्वस्त असला तरी धंद्यासाठी घेऊ नका.

बंद बॉक्ससाठी हिशोब असा: 0.707 ला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून 1 वजा करा. जे येईल त्याने व्हीएएसला भागा. झाले लिटर.

समजा दोन 12 इंची वूफर आहेत, दोघांचा व्हीएएस 100 लिटर.
- पहिल्याचा क्यूटीएस 0.4: बॉक्स हवा सुमारे 47 लिटर.
- दुसऱ्याचा क्यूटीएस 0.5: बॉक्स हवा 100 लिटर.

साइज एकच, बॉक्स दुपटीपेक्षा मोठा! आता सांगा, "12 इंची बॉक्स" म्हणजे नेमका कोणता?

लिटरवरून प्लायकडे

100 लिटरसाठी आतलं माप 40 × 35 × 72 सेंटिमीटर धरा. तिन्ही बाजू सारख्या ठेवू नका, नाहीतर एकच सूर तिन्ही दिशांनी घुमतो. आतल्या आधारपट्ट्या आणि वूफर स्वतः जेवढी जागा खातात, तेवढी वाढवून घ्या.

18 मिमी प्लायमध्ये असा एक बॉक्स साधारण 15.8 चौरस फूट खातो, जोडी 31.6. आणि 8 बाय 4 ची शीट 32 चौरस फुटांची. कागदावर बसलं! पण ब्लेडची जाडी, तुकड्यांची मांडणी आणि आधारपट्ट्या धरल्या की एका शीटमध्ये जोडी निघत नाही. कोटेशनमध्ये एकच शीट धरली तर दुसरीचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

जोड फेविकॉल आणि स्क्रूने घट्ट करा. बारीक फट राहिली तरी सूं-सूं आवाज येतो. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतो, म्हणून कापलेल्या कडा आधी सील करा.

आता भाव

आकडे उदाहरणापुरते:
- माल (शीट, वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हर, फिनिशिंग): 18,000
- तुमची मजुरी, 30 तास × 150: 4,500
- ने-आण, वीज, ब्लेड: 1,500
- एकूण खर्च: 24,000

"25 टक्के नफा" म्हणून 30,000 ला विकलं तर विक्रीवर नफा फक्त 20 टक्के होतो. विक्रीवर 25 टक्के हवेत तर 24,000 ला 0.75 ने भागा: 32,000. आणि मजुरीची ओळ कधीच खोडू नका. "घरचंच काम आहे" म्हणून ती सोडली की पहिल्या पाच ऑर्डरी आनंदात जातात, सहाव्या ऑर्डरीला कारागीर ठेवायची वेळ येते आणि त्याचा पगार भावात बसतच नाही.

पहिली जोडी विकायला नाही, दाखवायला बनवा. ती घरात लावा, लोकांना बसवून ऐकवा. ऑर्डर आली की अर्धी रक्कम आगाऊ घ्या, वूफरची डाटा शीट गिऱ्हाइकाच्या फाइलला लावा, आणि मगच प्लायवाल्याकडे जा.