राजाच्या डोक्यामागचा आकडा

पश्चिम क्षत्रपांचे चांदीचे नाणे अंगठ्याच्या नखाएवढे, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. एका अंगाला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरांची नक्कल. पुढच्या पिढ्यांत तिच्या नुसत्या रेघोट्या झाल्या. दुसऱ्या अंगाला तीन कमानींची टेकडी, चंद्रकोर, तारे आणि ब्राह्मीत राजाचे व त्याच्या बापाचे नाव, पदवीसह. सराफाच्या लेखी ही फक्त चांदी. पंडित भगवानलाल इंद्रजी मात्र राजाच्या डोक्यामागे बघत, कारण बऱ्याच नाण्यांवर तिथे शकवर्ष कोरलेले असते.

हा आकडा वाचायला आधी जुने अंक यावे लागतात, आणि ते त्यांना नाणेघाटाने शिकवले. जुन्नरच्या वरच्या त्या गुहेत सातवाहनांच्या यज्ञांतल्या दक्षिणेचा हिशेब कोरला आहे: गाई, घोडे, कार्षापण. १८७७ मध्ये प्राचीन नागरी अंकांवरचा त्यांचा निबंध आला. घाटातला दानाचा हिशेब आणि नाण्यावरचे वर्ष एकाच नजरेने वाचणारा असा संग्राहक विरळाच. बापाचे नाव, पदवी आणि साल एवढे हाती आले की पोथीपुराणांनी जवळपास विसरलेला राजवंश क्रमाने मांडता येतो.

पंडितजींचा जन्म १८३९ चा, जुनागढचा. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या तिघांचे लेख एकाच खडकावर. या माणसाची शाळा तीच. अलेक्झांडर फोर्ब्जच्या शिफारशीने १८६१ मध्ये ते मुंबईत डॉ. भाऊ दाजींकडे आले. भाऊंकडे पैसा, ग्रंथ, नाव. पंडितजींकडे पाय आणि नजर. लेण्यांतून लेखांचे ठसे घेत हिंडायचे पंडितजींनी, निबंध वाचायचे भाऊंनी, अशी ही व्यवस्था १८७४ पर्यंत, म्हणजे भाऊ जाईपर्यंत चालली. तिला शोषण म्हणणे सोपे आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. इंग्रजीत सफाईने लिहिता न येणाऱ्या माणसाला त्या काळी दुसरे दार कुठे होते? पुढेही ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्याचे इंग्रजी करत. तरी १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सोपाऱ्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणवला जाणारा स्तूप खणला. आत दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडा आणि त्याच्या पोटात एकात एक बसवलेले चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडे. सगळ्यांचे डोळे सोन्याच्या करंड्यातल्या खापराच्या तुकड्यांवर. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. स्तूपाच्या कालनिर्णयाला मात्र चांदीचे एक नाणे उपयोगी पडले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे.

१८८८ मध्ये वाळकेश्वरला ते वारले. मृत्युपत्राप्रमाणे नाणी आणि मथुरेचे सिंहशीर्ष ब्रिटिश म्युझियमला गेले. क्षत्रपांवरचा लेख रॅप्सनने संपादून १८९० मध्ये छापला. त्यांचा गुजरातचा प्राचीन इतिहास १८९६ च्या गॅझेटियरमध्ये पुरा करणारा जॅक्सन म्हणजे १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडलेला कलेक्टर.

त्याच नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा हाणला होता. नहपानाच्या क्षहरात कुळाचा त्याने नायनाट केल्याची ग्वाही त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात कोरवलीच होती. त्या ग्वाहीला आता चांदीचा पुरावा मिळाला. पंडितजींना जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.