हवेतील रहदारीचा नियंत्रक

बँकेत, रुग्णालयात किंवा मोठ्या कचेरीत छताला लावलेल्या पांढऱ्या, चपट्या पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या वाय-फायच्या पेट्या. म्हणजे बिनतारी संदेश पाठवणारी आणि घेणारी लहान केंद्रे. संदेश नीट पोहोचत नसेल तर आणखी पेट्या लावाव्यात, त्यांची शक्ती वाढवावी, असे कोणालाही वाटेल. पण विचार न करता तसे केले तर जाळे उलट मंदावते! असे का व्हावे?

कारण हवा सामाईक आहे. वाय-फायचा एक नेहमीचा पट्टा 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्‌झ असा आहे. त्यात 13 वाहिन्या आखल्या आहेत. परंतु लगतच्या दोन वाहिन्यांच्या मध्यांतील अंतर केवळ 5 मेगाहर्ट्‌झ, आणि प्रत्येकीला रुंदी लागते सुमारे 20 मेगाहर्ट्‌झ. साहजिकच लगतच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. मध्ये थोडी मोकळी जागा सोडली, तर वापरण्याजोग्या तीनच उरतात: 1, 6 आणि 11.

एकाच वाहिनीवरच्या दोन पेट्या एकमेकींना ऐकू आल्या तर? वाय-फायचा नियम वर्गातल्यासारखाच आहे: आधी ऐका, कोणी बोलत नसेल तरच बोला. तेव्हा दोघींना वेळ वाटून घ्यावा लागतो. शक्ती वाढवली की आवाज आणखी दूर जातो आणि आणखी पेट्यांना थांबावे लागते. शिवाय पेटी मोठ्याने बोलू लागली, तरी खिशातल्या फोनचा आवाज वाढत नाही. फोनला पेटी ऐकू येते, पेटीला फोन ऐकू येत नाही!

म्हणून इमारतीचा नकाशा तीन रंगांनी रंगवायचा; शेजारच्या पेट्यांना शक्यतो वेगळे रंग, वरच्या-खालच्या मजल्यांवरही. हे कोणी करावे? प्रत्येक पेटीला फक्त आपल्या आसपासचे ऐकू येते. एक पेटी 1 सोडून 6 वर गेली आणि त्याच क्षणी शेजारीणही 6 वरच गेली, तर गोंधळ जागचा हलला, मिटला नाही.

येथे केंद्रीय नियंत्रक उपयोगी पडतो. सर्व पेट्या आपण काय ऐकले ते त्याला कळवतात. तो संपूर्ण चित्र पाहून प्रत्येकीची वाहिनी आणि शक्ती ठरवतो. एखादी पेटी बंद पडली, तर शेजारच्या पेट्यांची शक्ती तात्पुरती वाढवतो. समजा, रुग्णालयात नाडीची नोंद पाठवणारे यंत्र रुग्णाच्या खाटेबरोबर दुसऱ्या विभागात चालले आहे. वाटेत पेट्या बदलणारच. त्याची ओळख पटवणारी माहिती नियंत्रक पुढच्या पेटीला आधीच देऊ शकतो. त्यामुळे नोंदीत खंड पडण्याचा धोका कमी होतो.

मात्र पोलादी कपाटामागे लावलेली पेटी नियंत्रक सरकवू शकत नाही. धातू लहरी परावर्तित करतो, पाणी त्या शोषते. आणि माणसाच्या शरीरात पाणीच अधिक! रिकामे सभागृह आणि भरलेले सभागृह यांत म्हणूनच फरक पडतो. तेव्हा आधी इमारतभर फिरून मोजमाप, मग पेट्यांच्या जागा आणि शेवटी नियंत्रक, हाच क्रम योग्य.

करून पाहा: आसपासच्या वाय-फायच्या वाहिन्या दाखवणारे ॲप शिक्षकांच्या फोनवर घ्या. शाळेच्या प्रत्येक खोलीत कोणत्या वाहिनीवर किती केंद्रे दिसतात, त्याचा तक्ता करा. गर्दी कोठे आहे आणि कोणाला कोठे हलवाल? तुमच्या शाळेचे नियंत्रक तुम्हीच व्हा!