खंड्याचा निळा गेला कुठे?

तळ्याकाठी तारेवर बसलेला खंड्या तुम्ही पाहिला असेलच. तपकिरी डोकं, पांढरीशुभ्र छाती, लांबलचक लाल चोच, आणि पंख पसरले की पाठीवर असा काही निळा झळकतो की बघत राहावं! समजा, त्याचा झकास फोटो तुम्हाला मिळाला. मोबाइलवर निळा लखलखतोय. कॉम्प्युटरवर तोच जरा हिरवट दिसतोय. आणि प्रिंट काढली तर? मलूल, जांभळट. फोटो एकच, मग रंगात ढवळाढवळ केली कुणी?

गंमत म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतोच, असतात नुसते आकडे. प्रत्येक ठिपक्याचे तीन: लाल किती, हिरवा किती, निळा किती. बहुतेक फोटोंत हे आकडे ० ते २५५ मधले असतात. कॅमेराही तसा अर्धवटच बघतो बरं का! त्याच्या सेन्सरवर बारीक बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला एकाच रंगाचा प्रकाश दिसतो. अर्धे कप्पे हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची ही युक्ती, पेटंट १९७६ चं. राहिलेले दोन रंग कप्पा चक्क शेजाऱ्यांकडून उसने घेतो.

आता हे आकडे सगळीकडे तसेच्या तसे जातात. पण ‘निळा २००’ म्हणजे नक्की किती निळा? आजी सांगते, दोन वाट्या रवा घे. पण कुणाची वाटी? तिची की तुमची? प्रत्येक स्क्रीनची, प्रत्येक प्रिंटरची वाटी वेगळी! म्हणून आकड्यांसोबत वाटीचं मापही पाठवावं लागतं. या मापाच्या चिठ्ठीला म्हणतात प्रोफाइल. ही चिठ्ठी सगळ्यांना वाचता यावी म्हणून १९९३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्या एकत्र आल्या.

आणि वाटी मोजायची कशाने? इथे गोष्ट फार मजेदार होते. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोघा शास्त्रज्ञांनी वेगवेगळे प्रयोग केले. एका छोट्या गोलाच्या अर्ध्या भागात एक रंग दाखवायचा. दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा, निळा प्रकाश कमी-जास्त करत बसायचं, मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत. जुळलं की आकडे लिहून घ्यायचे. राइटकडे दहा जण होते, गिल्डकडे सात. या सतरा जणांच्या नजरेवरून १९३१ मध्ये रंग मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली, आणि आजही कॅमेरा, स्क्रीन, प्रिंटर यांचा हिशेब तिच्याच आधारे चालतो. फक्त सतरा माणसं!

हल्ली स्क्रीनची वाटी मोजायला कलरीमीटर नावाचं छोटं यंत्र तिच्यावर टेकवतात आणि एकामागून एक रंग दाखवतात. प्रिंटरकडून शेकडो रंगीत चौकोन छापून घेतात आणि एकेक चौकोन मोजतात. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

एवढं करूनही आपला निळा प्रिंटमध्ये येईलच असं नाही. का ते स्वतःच बघा. मोबाइलच्या स्क्रीनवर पाण्याचा अगदी चिमुकला थेंब ठेवा (चिमुकला म्हणजे चिमुकलाच, नाहीतर घरचे ओरडतील). थेंबातून लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. आता वर्तमानपत्रातल्या रंगीत चित्रावर भिंग धरा. तिथे दिसतील निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळे आणि काळे ठिपके. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते. शाई मात्र कागदावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. सायन आणि मॅजेंटा मिळून निळा करायला गेलं की दोघी मिळून इतकं गिळतात की झळाळी उरतच नाही. उलटंही होतं हं! निव्वळ सायन शाईचा तजेला पुष्कळ साध्या स्क्रीनना जमत नाही.

मग न जमणाऱ्या रंगाचं करायचं काय? सॉफ्टवेअरपुढे दोन वाटा असतात. एक तर तेवढाच रंग ओढून जवळच्या छापता येणाऱ्या रंगावर बसवायचा. नाहीतर सगळ्याच रंगांना थोडं थोडं आवळायचं, म्हणजे त्यांचं आपसातलं नातं टिकतं. खंड्यासाठी मी दुसरी वाट निवडेन. पहिलीत पिसांमधल्या निळ्या छटा एकमेकींत मिसळून सपाट डाग होण्याची भीती असते.

खरं तर खंड्याच्या पिसांत निळा रंग नसतोच! पिसांच्या आतली अतिसूक्ष्म रचना प्रकाश अशी उधळते की आपल्याला निळा दिसतो. म्हणजे शाईवर रुसण्यात अर्थ नाही, खुद्द पक्ष्याकडेही निळी शाई नाही.