बँकेला न उमगलेला कारकून

वाचकहो, पीककर्जाच्या कामासाठी तालुक्याच्या बँकेत तुमचे जाणे-येणे असतेच. खिडकीमागचा कारकून कागद घेतो, आकडा मांडतो, शिक्का मारतो आणि पुढच्या माणसाला हाक देतो. घरी पोचेपर्यंत त्याचा चेहराही आपल्या ध्यानात राहत नाही. इंग्लंडातल्या अशाच एका कारकुनाची ही हकीगत आहे. ऐकताना रचलेली वाटेल, पण ती तिथल्या सरकारी कागदपत्रांतूनच उजेडात आली आहे.

त्याचे नाव एरिक रॉबर्ट्स. जन्म १९०७ सालचा, कॉर्नवॉल परगण्यातला. मिसरूड फुटण्याच्या वयात, १९२५ साली, तो वेस्टमिन्स्टर बँकेत नोकरीला लागला. पुढे लग्न झाले, मुले झाली, लंडनबाहेर एप्समच्या बाजूला बिऱ्हाड थाटले. कारकुनाचा संसार असतो तसाच हा संसार.

पण या सरळ माणसाचा एक दुसरा उद्योग होता. ब्रिटिश हेरखात्यातील अधिकारी मॅक्सवेल नाइट यांनी त्याला तरुणपणीच हेरले होते. १९३०च्या दशकात ओस्वाल्ड मोस्ले यांचा फॅसिस्ट पक्ष इंग्लंडात डोके वर काढत होता. एरिक त्या पक्षाचा सभासद झाला. तिथे काय शिजते आहे ते तो गुपचूप नाइट यांच्या कानावर घालू लागला.

बँकेचा सवाल

१९४० चा जून उजाडला. हिटलरच्या फौजांपुढे फ्रान्स कोसळत होता. आता पाळी इंग्लंडची, असे जो तो म्हणत होता. अशा बाक्या वेळी हेरखात्याने बँकेला पत्र धाडले की, या कारकुनाला आमच्या कामासाठी मोकळे करा. बँकेचे साहेब चक्रावले. त्यांनी उलट विचारले की, या गृहस्थाच्या अंगी असे कोणते खास गुण आहेत, जे आम्हांला आजवर दिसले नाहीत?

गंमत अशी की, न दिसणे हाच त्याचा गुण होता.

'जॅक किंग'चे सोंग

एरिकने 'जॅक किंग' हे नाव घेतले. आपण गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, लंडनमधले माणूस आहोत असे तो सांगू लागला. इंग्लंडात राहून मनाने हिटलरला फितूर झालेली माणसे शोधायची, त्यांचा विश्वास संपादायचा आणि त्यांच्याकडची माहिती आपल्याकडे वळवायची, हे त्याचे काम. पाट कुठे फुटतो हे कळले की शहाणा शेतकरी चर खणून ते पाणी आपल्या सोयीच्या जागी उतरवतो ना, तसेच हे.

त्याच्या गोटात मारिटा पेरिगो नावाची एक कडवी बाई होती. तिचा नवरा फॅसिस्ट म्हणून कैदेत पडला होता. तिच्या ओळखीने आणखी माणसे जाळ्यात येत गेली. कोणी जेट विमानाच्या संशोधनाची खबर आणली, कोणी पाण्यात व जमिनीवर चालणाऱ्या रणगाड्याच्या चाचण्यांची. ही गुपिते बर्लिनला पोचली असती तर किती जवानांचे प्राण गेले असते, याचा विचार करा! पण ती सगळी जमा झाली लंडनच्या सरकारी कपाटात. १९४६ साली तर त्यांतल्या दोघांना नकली जर्मन पदकेही देण्यात आली. आपण हिटलरची सेवा केली, अशाच समजुतीत ती माणसे राहिली.

तुम्ही विचाराल, अशा फितुरांना शिक्षा काय झाली? त्यांच्यावर खटले भरलेच नाहीत. भरले असते तर एरिकचे सोंग उघडे पडले असते. शिवाय सरकारच्याच माणसाने भरीला घातले, असा आक्षेप कोर्टात उभा राहिला असता. हे वागणे न्यायाचे की नाही, याची टोचणी हेरखात्यातल्या काहींनाही होती.

अबोल अखेर

ज्यांच्याशी गोड बोलायचे, त्यांचीच बातमी लिहून द्यायची, असे जगणे सोपे नसते. आणि हे दुःख सांगायचे तरी कोणाला? युद्ध संपले, तरी एरिकचा ना सत्कार झाला, ना छायाचित्र छापून आले. १९५६ साली तो कुटुंबासह कॅनडात गेला आणि सॉल्ट स्प्रिंग नावाच्या बेटावर राहिला. १९७२ साली तो वारला. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लोटली. २०१४ च्या आरंभी 'जॅक किंग'चे कागद खुले झाले, पण त्यात खरे नाव नव्हते. वर्तमानपत्रांनी तर्क केला तो भलत्याच माणसाचा! त्याच वर्षी ऑक्टोबरात आणखी कागद खुले झाले, तेव्हा एरिकचे नाव जगाला कळले. बँकेचे ते पत्रही त्यांतच निघाले.

वाचकहो, या माणसाने लढाईत बंदूक चालवली नाही. समोरच्याचे निमूट ऐकणे, ऐकलेले चोख लिहिणे आणि ते चारचौघांत न बोलणे, एवढीच त्याची हत्यारे. आपल्या घरात, भावकीतही असा एखादा अबोल माणूस असतो. 'त्याला काय कळतंय,' असे म्हणून आपण त्याला बाजूला बसवतो. तसे करण्याआधी, बँकेने विचारलेला तो सवाल एकदा आठवावा.